बर्फ किती पडला आणि माणसं किती गेली

आज बर्फाविषयी बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, ताई, आपल्याकडे चार गारा पडल्या तरी द्राक्षबागेचं वाटोळं होतं, बर्फाचं काय घेऊन बसलात? पण थंडीच्या दिवसांत टीव्हीवर अमेरिकेतल्या बर्फाच्या बातम्या लागतात. गाड्या गाडल्या गेलेल्या दिसतात आणि खाली पट्टी फिरते की अमुक ठिकाणी इतके फूट बर्फ, विक्रम मोडला. आमच्या गटातल्या एकीने विचारलं होतं, हा बर्फ मोजतात तरी कसा? आणि सगळ्यात मोठं वादळ कोणतं? त्या दोन प्रश्नांच्या मागे लागून जे वाचलं ते आज सांगते.

आधी मोजणं. पाऊस मोजायला नळीचं भांडं असतं, ते तुम्ही शाळेत किंवा कृषी कार्यालयात पाहिलं असेल. बर्फाला तसं चालत नाही, कारण तो भुसभुशीत पडतो आणि पडल्यावर आपल्याच वजनाने दबत जातो. पोत्यात कापूस भरावा तसं. सकाळी हातभर असलेला थर संध्याकाळी वीतभर कमी दिसतो. म्हणून मोकळ्या जागी एक पांढरी फळी ठेवतात, तिच्यावर साचलेला थर पट्टीने मोजतात आणि फळी पुसून पुन्हा ठेवतात. यात एक गोम आहे. फळी जितक्या वेळा पुसाल तितका बर्फ दबायला वेळ कमी मिळतो आणि बेरीज फुगते. आपण पायली शिगेची भरायची की सपाट, यावरून बाजारात भांडणं व्हायची ना, त्यातलाच प्रकार. म्हणून अमेरिकेत नियम आहे, चोवीस तासांत जास्तीत जास्त चार वेळा मोजायचं.

हा नियम किती कडक पाळतात पहा. जानेवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या माँटेग्यू नावाच्या गावी एका दिवसात ७७ इंच बर्फ पडल्याची नोंद झाली. देशाचा विक्रम झाला म्हणून गाजावाजा झाला. मग तपासणी झाली, तेव्हा निघालं की मोजणाऱ्याने चोवीस तासांत सहा वेळा मोजलं होतं. विक्रम रद्द. ज्यांना गटाची वही लिहावी लागते त्यांना यातलं दुःखही कळेल आणि न्यायही कळेल. त्यामुळे जुना विक्रम जागेवर राहिला. कोलोरॅडो राज्यातल्या सिल्व्हर लेक इथे एप्रिल १९२१ मध्ये चोवीस तासांत ७५.८ इंच, म्हणजे सव्वासहा फुटांच्या वर. इटलीतल्या काप्राकोत्ता गावाने मार्च २०१५ मध्ये अठरा तासांत २५६ सेंटिमीटर पडल्याचा दावा केला, पण त्याला अधिकृत मान्यता नाही.

एका हंगामाचा आकडा याहून मोठा. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन राज्यात माउंट बेकर नावाचा डोंगर आहे. तिथे १९९८-९९ च्या हंगामात मिळून १,१४० इंच बर्फ पडला. हिशेब केला तर ९५ फूट. आपल्या विहिरीच्या भाषेत पंधरा-सोळा परस! आणि जमिनीवर साचलेल्या थराचा विक्रम जपानचा, इबुकी डोंगरावर १४ फेब्रुवारी १९२७ ला मोजलेला, ११.८२ मीटर. म्हणजे सहा परस विहीर उलटी करून उभी केली तर जेवढी उंच होईल तेवढा.

आता घाबरून जाऊ नका, बर्फ पोकळ असतो. ढोबळ हिशेब असा की दहा इंच बर्फ वितळला की एक इंच पाणी मिळतं, आणि कोरडा बर्फ असेल तर त्याहूनही कमी. मग सिल्व्हर लेकच्या त्या विक्रमी दिवसाचं पाणी किती होतं? या हिशेबाने फार तर १९० मिलिमीटर. आणि मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. जवळजवळ पाचपट. आकाशातून पाणी पडण्यात आपण कुणाला हार जाणारे नाही.

पण एवढे सगळे आकडे पाहिल्यावर मला एक गोष्ट खटकली. या विक्रमांच्या जागी माणसं मेल्याची नोंद जवळपास नाहीच. माउंट बेकरला तर लोक घसरण्याचा खेळ खेळायला जातात, जास्त बर्फ पडला की त्यांना आनंद. आणि ज्या वादळाने अमेरिकेतल्या शेतकरी बायकांच्या कुशी रिकाम्या केल्या, ते वादळ बर्फाच्या विक्रमाच्या कुठल्याही यादीत येत नाही. त्या दिवशी बर्फ तसा फार पडलाच नव्हता. ते वादळ म्हणजे १२ जानेवारी १८८८ चं. त्याला तिथले लोक आजही 'शाळकरी पोरांचं हिमवादळ' म्हणतात.

इथे ब्लिझर्ड या शब्दाचा अर्थ सांगायला हवा, नाहीतर गोंधळ होईल. पूर्वी हा शब्द जोराच्या फटक्याला किंवा बंदुकीच्या फैरीला वापरत. १८७० मध्ये आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावच्या वर्तमानपत्राने तो बर्फाच्या वादळाला वापरला आणि तो चिकटला. आज अमेरिकेचं हवामान खातं ब्लिझर्ड कशाला म्हणतं? ताशी ५६ किलोमीटर किंवा जास्त वारा, बर्फामुळे पाव मैलापलीकडचं दिसत नाही, आणि हे सलग तीन तास. यात बर्फ किती इंच पडला याची अटच नाही. नवा बर्फ पडला नाही तरी चालतं, जमिनीवरचा उडाला तरी ते हिमवादळच. मारणारा असतो वारा आणि गारठा.

आता तो मुलूख डोळ्यांसमोर आणा. नेब्रास्का आणि डकोटा, अमेरिकेच्या मध्यभागातलं सपाट गवताळ माळरान. नजर पोचेल तिथवर झाड नाही. १८६२ मध्ये सरकारने कायदा केला की जो कुणी पाच वर्षं राहून जमीन कसेल त्याला १६० एकर मिळतील. एकट्या बाईला, विधवेलाही अर्ज करता येई, ही गोष्ट मला मोठी वाटते. (ती जमीन मुळात तिथल्या आदिवासींची होती आणि त्यांना हुसकावून ती वाटली गेली, हेही लगेच सांगून ठेवते.) नॉर्वे, स्वीडन, जर्मनीतून गरीब कुटुंबं बोटीने आली. लाकूड नाही म्हणून गवताच्या मुळ्यांसकट मातीच्या ढेपा कापून त्यांची घरं रचली. जळण नाही म्हणून वाळल्या गवताचे पेंढे पिळून जाळले, मक्याची बुरकुंडं जाळली आणि माळावरचं वाळलेलं शेणही जाळलं. अमेरिकेतली बाई गोवऱ्यांवर स्वयंपाक करत होती, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं!

दर दोन-चार मैलांवर एका खोलीची शाळा. पाच वर्षांच्या पोरापासून सोळा वर्षांच्या पोरापर्यंत सगळे एकाच खोलीत. आणि शिकवणाऱ्या बहुतेक बाई म्हणजे अठरा-वीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या मुली. दुसऱ्याच्या घरी जेवून-राहून शाळा चालवायच्या.

त्या जानेवारीत आधीचे काही दिवस हाडं गोठवणारी थंडी होती. पोरं घरातच कोंडलेली. १२ तारखेला गुरुवार होता. सकाळी उजाडलं तर हवा एकदम मऊ. वारा पडलेला, ऊब आलेली, काही ठिकाणी छपरावरचा बर्फ ठिबकायला लागला. कितीतरी दिवसांनी असा दिवस मिळाला म्हणून माणसं कामाला बाहेर पडली, जनावरं मोकळी सोडली आणि पोरं जाड कोट न घालता शाळेत गेली. कोणत्या आईने अडवलं असतं?

मग वायव्येकडून वादळ आलं. डकोटाच्या पश्चिमेला सकाळीच पोचलं, नेब्रास्काच्या पूर्व भागात दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे नेमकं शाळा सुटायच्या वेळेला. ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं की पांढरी भिंत चालत आली. हा बर्फ कापसाच्या बोंडासारखा नव्हता, तर पिठासारखा बारीक होता. नाकातोंडात जायचा, पापण्या चिकटायच्या. हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. हवा इतकी विजेने भारलेली होती की चुलीच्या लोखंडाला हात लावला तर ठिणगी उडत होती. काही मिनिटांत तापमान धाडकन उतरलं. सकाळी जिथे बर्फ वितळत होता, तिथे काही ठिकाणी रात्री पारा उणे ३० सेल्सिअसच्याही खाली गेला.

आता त्या अठरा-वीस वर्षांच्या शिक्षिकेच्या जागी स्वतःला ठेवून पहा. खोलीत पंधरा पोरं आहेत. सरपण संपत आलंय. बाहेर काही दिसत नाही. सोडलं तर वाटेत हरवतील, ठेवलं तर इथेच गारठतील. विचारायला कुणी नाही, फोन नाही. निर्णय तिचा एकटीचा.

नेब्रास्कातल्या मिरा व्हॅली इथल्या मिनी फ्रीमन यांच्या शाळेचं दार वाऱ्याने तोडलं आणि मग छप्पर उडालं. तेव्हा प्रश्नच उरला नाही. त्यांनी पोरांना एकत्र बांधल्यासारखं धरून अर्ध्या-पाऊण मैलावरच्या एका शेतघरापर्यंत नेलं. सगळी वाचली. त्या रातोरात देशभर प्रसिद्ध झाल्या. त्यांच्यावर गाणं छापलं गेलं, सोन्याचं घड्याळ मिळालं, अनोळखी पुरुषांची लग्नासाठी पत्रं आली.

प्लेनव्ह्यूजवळच्या लोइस रॉइस यांच्याकडे त्या दिवशी तीनच मुलं होती, दोन नऊ वर्षांची आणि एक सहा वर्षांचं. जळण संपलं. त्या राहत होत्या ते घर दोनशे-अडीचशे पावलांवर होतं. आपल्या अंगणवाडीपासून ग्रामपंचायतीपर्यंत असावं तेवढंच. त्या निघाल्या आणि चुकल्या. रात्रभर मुलांना पोटाशी धरून उघड्यावर पडून राहिल्या. सकाळपर्यंत तिन्ही मुलं गेली. त्या रांगत एका घरापर्यंत पोचल्या, पण दोन्ही पाय कापावे लागले.

तिसऱ्या एटा शॅटक, एकोणीस वर्षांच्या. वाट चुकून त्या गवताच्या गंजीत शिरल्या आणि तीन दिवसांहून जास्त तिथेच अडकून राहिल्या. सापडल्या तेव्हा जिवंत होत्या. पण पाय कुजले होते. कापले तरी उपयोग झाला नाही, फेब्रुवारीत त्या गेल्या.

ओमाहा शहरातल्या 'बी' नावाच्या वर्तमानपत्राने या शिक्षिकांसाठी वर्गणी गोळा केली. चांगलं केलं. पण मिनी फ्रीमन शूर आणि लोइस रॉइस कमनशिबी, अशी जी वाटणी तेव्हापासून चालत आली, ती मला पटत नाही. दोघींनी एकच केलं. जळण किंवा छप्पर गेल्यावर पोरांना घेऊन जवळच्या घराकडे निघाल्या. एकीला घर सापडलं.

त्या वादळात एकूण किती गेले? साधारण २३५ हा आकडा सांगतात. काहींच्या मते तो याहून मोठा आहे, कारण पुढे कित्येक आठवडे जखमा चिघळून माणसं जात राहिली. तेव्हा गोठलेले हातपाय बर्फानेच चोळायची पद्धत होती. आता डॉक्टर सांगतात की तसं चोळल्याने मेलेली कातडी आणखी फाटते, कोमट पाण्यात ठेवणं हाच उपाय.

आणि कुणाला आधी कळलं नव्हतं का? कळलं होतं, हीच तर गोष्ट आहे. अमेरिकेत तेव्हा हवामानाचं काम लष्कराच्या सिग्नल खात्याकडे होतं. सेंट पॉल शहरात लेफ्टनंट थॉमस वुडरफ नावाचा अधिकारी त्यासाठी बसलेला होता. थंडीची लाट येणार एवढं त्यांच्या कागदावर आलं होतं. ते तारेने रेल्वेच्या गावांना कळवायचं आणि तिथे मध्ये काळा चौकोन असलेला पांढरा बावटा चढवायचा, अशी पद्धत होती. रेल्वे आणि व्यापाऱ्यांसाठी ती ठीक होती. पण स्टेशनपासून आठ-दहा मैलांवर मातीच्या घरात राहणाऱ्या बाईला तो बावटा दिसणार कसा? शाळेतल्या मुलीला कोण सांगणार? पुढे १८९० मध्ये कायदा झाला आणि १८९१ पासून हवामानाचं काम लष्कराकडून काढून शेती खात्याकडे दिलं. ते काही या एका वादळामुळेच झालं असं नाही, पण हवामान हा शेतकऱ्याचा विषय आहे हे सरकारी कागदावर आलं.

त्याच वर्षी दोन महिन्यांनी, ११ ते १४ मार्चला, दुसरं मोठं वादळ आलं, पूर्व किनाऱ्यावर. याच्याविषयी भरपूर लिहिलेलं सापडतं, कारण ते न्यूयॉर्क शहरावर आलं आणि तिथे वर्तमानपत्रं होती. शहरात २१ इंच बर्फ, सॅराटोगा स्प्रिंग्ज इथे ५८ इंच. चारशेच्या वर माणसं गेली, त्यातली निम्मी एकट्या न्यूयॉर्कमध्ये. रविवारी पाऊस होता, मध्यरात्रीनंतर त्याचा बर्फ झाला. सोमवारी सकाळी लोक तरीही कामाला निघाले, कारण खाडा झाला तर पगार कापला जाणार किंवा नोकरीच जाणार. उंच खांबांवरून धावणाऱ्या गाड्या मध्येच अडकल्या आणि हजारो लोक वर लटकून राहिले. तेव्हा काही बहाद्दरांनी शिड्या आणून लावल्या आणि खाली उतरायचे पैसे घेतले! तारायंत्राच्या तारा तुटल्या. शेजारच्या बॉस्टन शहराला निरोप द्यायचा तर समुद्राखालच्या तारेने लंडनला पाठवून तिथून परत आणावा लागला. रॉस्को कॉंकलिंग हे माजी सिनेटर, मोठे वकील. त्यांनी गाडीवाल्याचं अवाच्या सवा भाडं नाकारलं, वॉल स्ट्रीटवरून चालत निघाले, बर्फात कोसळले आणि महिनाभराने वारले. त्यानंतर शहराने तारा जमिनीखाली घालायला लावल्या आणि भुयारी रेल्वेची मागणी जोर धरू लागली. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली.

त्याच न्यूयॉर्कमध्ये जानेवारी २०१६ ला २७.५ इंच बर्फ पडला, १८८८ पेक्षा सहा इंच जास्त. पण तेव्हा अंदाज काही दिवस आधी घरोघर पोचला होता, रस्त्यावर गाड्या आणायला बंदी घातली होती, लोक घरात होते. जे गेले त्यांतले बरेच अंगणातला बर्फ फावड्याने ओढताना हृदयविकाराने गेले.

जगातलं सर्वांत जीवघेणं हिमवादळ मात्र अमेरिकेतलं नाही, इराणचं आहे. फेब्रुवारी १९७२. कित्येक वर्षं दुष्काळ होता, लोक पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसले होते, आणि आठवडाभर बर्फच कोसळला. कित्येक खेड्यांवर तीन मीटरच्या वर थर, दक्षिणेकडे काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत. गावंच्या गावं खाली गेली. सुमारे चार हजार माणसं गेली असं मानतात. त्यांच्याविषयी मला दोन पानांच्या वर काही वाचायला मिळालं नाही. कुठल्या शाळेत किती पोरं होती, कुठल्या बाईने कुणाला धरून ठेवलं, काही नाही.

आपल्याकडे बर्फाची बातमी येते ती बहुधा जवानांच्या घरी. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनला बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गेले, त्यांत एक सातारा जिल्ह्यातला होता. ते हिमवादळ नव्हे, हिमस्खलन. सैन्यात मुलगा असलेल्या घरी हा फरक सांगून काही उपयोग नसतो, हेही खरंच.

नेब्रास्काच्या लोकांनी मात्र आपली आठवण गोळा केली. १९४० मध्ये, म्हणजे बावन्न वर्षांनी, त्या दिवशी जे शाळकरी होते अशा म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी लिंकन शहरात '१२ जानेवारी १८८८' या तारखेच्याच नावाचं मंडळ काढलं. ज्याला जे आठवतं ते त्याने लिहायचं. त्यातून १९४७ मध्ये जाडजूड पुस्तक निघालं. नेब्रास्काच्या विधानभवनात त्या वादळाचं मोठं भिंतीचित्रही आहे, रंगीत तुकडे बसवून केलेलं. मिनी फ्रीमन यांनी पोरांना दोराने एकमेकांना बांधून नेलं, ही गोष्ट तर अमेरिकेतल्या घराघरांत सांगितली गेली. पण तो दोर खरंच होता का? त्यांच्याच शाळेतल्या पोरांचं मोठेपणी यावर एकमत झालं नाही. काही म्हणाले बांधलं होतं, काही म्हणाले दोर नव्हताच, नुसते हात धरले होते.